वर्गात बोलायचे मार्क

कम्युनिकेशन हा मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, घेतला असं घरी फोनवर सांगितलं तेव्हा बाबांनी पहिल्यांदा विचारलं, म्हणजे पुण्याला रानडे इन्स्टिट्यूटमध्ये असतं तसलं का, पत्रकारिता वगैरे. नाही म्हटलं. मग जाहिरातींचं का. ते थोडं असतं, पण ते नाही. मागून काकूचा आवाज आला, "अहो स्पोकन इंग्लिश असेल," आणि तेच मग सगळ्या खानदानात पक्कं झालं. साताऱ्यात स्पोकन इंग्लिशचे क्लास गल्लोगल्ली आहेत आणि ही पोरगी त्यासाठी अमेरिकेत आयोवाला गेली, वर स्कॉलरशिप पण मिळवली, म्हणजे कमालच. लग्नाकार्यात कोणी विचारलं की मी पण हो हो म्हणायला लागले, कारण खरं उत्तर द्यायला पंगत उठेपर्यंत वेळ लागला असता.

माझं कॉलेज लिबरल आर्ट्सचं, आणि ते म्हणजे काय हेच आधी सांगावं लागतं. आपल्याकडे आर्ट्स म्हटलं की लोकांना वाटतं बारावीला मार्क कमी पडले असणार. तिकडची ही कॉलेजं छोटी असतात, हजार दोन हजार पोरं, जवळपास सगळी पदवीची, पीएचडीवाले नाहीत, त्यामुळे पहिल्या वर्षाच्या पेपरावर लाल शाई पण खुद्द प्रोफेसरचीच. मेजर दुसऱ्या वर्षाच्या शेवटापर्यंत नाही ठरवला तरी कोणी काही म्हणत नाही, उलट इकडचं तिकडचं शिकावंच लागतं. मी इकॉनॉमिक्स करायचं ठरवून गेले होते आणि पहिल्याच वर्षी जिऑलॉजीच्या लॅबमध्ये दगडावर ॲसिडचे थेंब टाकत बसले होते, फेस आला की चुनखडी. कॉलेजच्या चारी बाजूंना मका. सप्टेंबरात सायकल घेऊन बाहेर पडलं की दोन्हीकडे डोक्याच्या वर मका, आणि ऊस नाही एवढं सोडलं तर कोरेगावच्या रस्त्यावर आल्यासारखंच वाटायचं.

आता गंमत अशी की या कॉलेजांच्या दुनियेत कम्युनिकेशनला फारसा मान नाही. ॲमहर्स्ट, विल्यम्स असल्या नावाजलेल्या ठिकाणी हा मेजरच नाही. फिलॉसॉफीवाल्यांना हा विषय धंदेवाईक वाटतो आणि धंदेवाल्यांना हवेतला. मुळात याचा जन्मच भांडणातून झालाय. १९१४ च्या नोव्हेंबरात शिकागोला इंग्रजीच्या शिक्षकांचं अधिवेशन भरलं होतं, त्यातले भाषण शिकवणारे १७ जण फुटून बाहेर पडले आणि त्यांनी आपली वेगळी संघटना काढली, तीच पुढे नावं बदलत बदलत नॅशनल कम्युनिकेशन असोसिएशन झाली. नंतर रेडिओ, प्रचार, निवडणुका यांचा अभ्यास करणारे समाजशास्त्रवाले येऊन मिळाले. १९४८ मध्ये बेल लॅब्जच्या क्लॉड शॅननने संदेश, तार आणि खरखर यांचं गणित मांडलं, ते खरं तर इंजिनियरांसाठी होतं, पण त्याची ती चौकोन आणि बाणांची आकृती आमच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या धड्यात आहेच. त्यामुळे आमचं डिपार्टमेंट म्हणजे एकत्र कुटुंब होतं, ॲरिस्टॉटल शिकवणाऱ्या बाई, आकडेवारीवाले सर आणि टीव्ही शिकवणारा एक तरुण मुलगा, तिघांचं एकमेकांशी फारसं पटत नाही पण चूल एकच.

पब्लिक स्पीकिंग कंपल्सरी होतं. मला वाटलं, हे तर आपलं होम ग्राउंड. मी शाळेत वक्तृत्वाची ढाल आणलेली पोरगी. "अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग आणि येथे जमलेल्या माझ्या बालमित्रमैत्रिणींनो" हे मी आजही झोपेत म्हणू शकते. आमच्या सरांनी भाषण लिहून द्यायचं, आपण पाठ करायचं, सह्याद्री आला की उजवा हात वर, माता आली की हात छातीवर, आणि नजर? नजर कुणाच्या तोंडाकडे नाही, मागच्या भिंतीवर, म्हणजे घाबरायला होत नाही. इथे पाठांतराला बंदी. हातात चार-पाच छोटी कार्डं, त्यावर पूर्ण वाक्य लिहायचं नाही, नुसते मुद्दे, आणि आकडा सांगितला की तो कुठून आणला ते बोलता बोलताच सांगायचं. माझं पहिलं भाषण साखर कारखान्यांवर होतं, जोरात झालं, टाळ्या पण पडल्या. संपल्यावर बाईंनी शांतपणे विचारलं, "मागच्या भिंतीवर कोण बसलं होतं?"

त्याच कोर्समध्ये मनरोची पायरी शिकवतात. ॲलन मनरो हा पर्ड्यू युनिव्हर्सिटीतला माणूस, १९३० च्या दशकात त्याने लोकांना काही पटवून द्यायची पाच पायऱ्यांची रीत बसवली: लक्ष वेधा, अडचण दाखवा, उपाय सांगा, उपायाने काय होईल त्याचं चित्र उभं करा, आणि शेवटी काय करायचं ते स्पष्ट सांगा. एकदा हे कळलं की साबणाच्या जाहिरातीपासून आमदारापर्यंत सगळीकडे तेच दिसायला लागतं, जरा कंटाळाच येतो. मी एका पेपरात लिहिलं की आमच्याकडे नारदीय कीर्तनाला याहून जुनी बांधणी आहे, पूर्वरंगात अभंगावर निरूपण, मध्ये बुक्का लावायचा, मग उत्तररंगात आख्यान, आणि बुवांना बरोबर माहीत असतं लोक कुठे पेंगणार ते. बाईंनी समासात लिहिलं होतं, यात श्रोते कधी बोलतात? मी विचारात पडले. बोलतात की, गजर करतात, बुवांनी टाळी वाजवली की शंभर माणसं विठ्ठल विठ्ठल म्हणतात. मनरोच्या पाच पायऱ्यांत श्रोत्याला असं काहीच काम नाही, त्याने फक्त पटून घ्यायचं.

पण माझी खरी कटकट भाषणाची नव्हतीच. भाषण काय, उभं राहून करून टाकता येतं. कटकट होती पार्टिसिपेशनची. वर्गात पंधरा-सोळा जण गोल बसायचे आणि सेमिस्टरच्या मार्कांतला चांगला मोठा वाटा चर्चेत बोलण्याचा. आता आपल्याकडे हुशार मुलगी कोण तर जी विचारल्याशिवाय बोलत नाही आणि विचारलं की बरोबर बोलते. इथे विचार पूर्ण व्हायच्या आत वाक्य सुरू करायची पद्धत. "त्यालाच जोडून सांगते," "मी जरा उलट बाजूने बोलू का," असं म्हणत एक घुसला की दुसरा, मध्ये फट म्हणून सापडत नाही. मी मनात वाक्य जुळवायचे, इंग्रजीतून नीट तपासून घ्यायचे आणि तोंड उघडेपर्यंत गाडी दोन स्टेशनं पुढे गेलेली. माझ्या शेजारी व्हिएतनामची एक मुलगी बसायची, तिचं पण तेच. आम्ही दोघी वर्गातलं सगळ्यात जास्त वाचून यायचो आणि सगळ्यात कमी बोलायचो. मिडटर्मच्या शेऱ्यात दोघींना एकच वाक्य होतं, तुझा आवाज आम्हाला अजून ऐकायला आवडेल. प्रेमानेच लिहिलं होतं, पण मार्क कापले होते.

आणि नेमकं त्याच वर्गात, त्याच महिन्यात आम्हाला कीथ बासो या मानववंशशास्त्रज्ञाचा लेख वाचायला होता. १९७० चा. बासो ॲरिझोनात सिबेक्यू नावाच्या वस्तीत अपाची लोकांत राहिला आणि त्याने नोंदवलं की हे लोक कधी कधी गप्प बसतात. अनोळखी माणूस भेटला की गप्प, प्रेमात पडलेली पोरं सुरुवातीला एकमेकांपाशी गप्प, बोर्डिंग शाळेतून मूल महिन्यांनी घरी आलं की आईबाप आधी गप्प, घरात दुःख झालेल्या माणसापुढे गप्प. बाहेरच्यांना वाटायचं हे लोक थंड आहेत, घुमे आहेत. बासो म्हणतो, समोरच्याशी आपलं नातं आत्ता नेमकं काय आहे ते पक्कं नसलं की ते बोलत नाहीत, आधी बघतात. मी हे वाचलं आणि मला आमच्या घरात नवी सून आलेले पहिले दिवस आठवले, मला जास्त समजावून सांगायची गरजच पडली नाही. दुसरा लेख गेरी फिलिप्सनचा, १९७५ चा, शिकागोतल्या एका कामगार वस्तीवर. तिथे पुरुषाने बरोबरीच्या मित्रांत भरपूर बोलावं, पण पोरांना धाकात ठेवायचं असेल किंवा बायकोचा कुणी अपमान केला असेल तर तिथे बोलत बसणारा पुरुष म्हणजे पुरुषच नाही असं लोक धरून चालतात. म्हणजे बोलण्याला सगळीकडे सारखीच किंमत नाही, अमेरिकेत पण नाही.

तर हे सगळं आम्ही गोल बसून शिकत होतो, आणि गोलात गप्प बसणाऱ्याचे मार्क जात होते. मी त्या सेमिस्टरचा पेपर यावरच लिहिला, आमच्याच वर्गावर. कोण किती वेळा बोलतं, कोण कुणाच्या पाठोपाठ बोलतं, प्रश्न विचारल्यावर सर किती वेळ थांबतात. सर थांबतच नव्हते हो. दीड-दोन सेकंदांत स्वतःच पुढचं बोलायचे. त्या माणसाचं कौतुक म्हणजे त्यांनी पेपर वाचून वर्गाची रीतच बदलली, प्रश्न टाकल्यावर सगळ्यांनी दोन मिनिटं वहीत लिहायचं आणि मग बोलायचं. मला फायदा झाला हे खरं. पण एक सांगते, चर्चेतली मजा पण थोडी गेली, ती अर्धवट वाक्यं एकमेकांवर आदळून जे काहीतरी भलतंच निघायचं ते कमी झालं. दोन्ही एकदम मिळत नाही बहुतेक.

मला या विषयाने धरलं ते मात्र तिसऱ्या वर्षी, कॉन्व्हर्सेशन ॲनालिसिसच्या कोर्सला, म्हणजे लोक खरोखर कसं बोलतात ते बारकाईने तपासायचं. १९६० च्या दशकात कॅलिफोर्नियात हार्वी सॅक्स आणि इमॅन्युएल शेग्लॉफ हे दोघं टेलिफोनच्या टेप ऐकत बसले. शेग्लॉफने तर फोन सुरू कसा होतो एवढ्यासाठी पाचशे कॉल तपासले, त्याचा नियम एक सोडून सगळ्यांना लागू पडत होता, आणि या बाबाने त्या एकासाठी सगळा नियम पुन्हा मांडला. ही असली चिकाटी मला फार आवडते. गेल जेफर्सन नावाच्या बाईंनी बोलणं कागदावर उतरवायची खुणांची पद्धत बसवली, थांबणं सेकंदाच्या दहाव्या भागात, दोघं एकदम बोलले तर चौकटी कंस, श्वास घेतला तर तोही लिहायचा. तीन मिनिटांच्या टेपला अख्खी संध्याकाळ जाते. आम्हाला घरच्या कुणाशी तरी झालेला फोन रेकॉर्ड करून, परवानगी घेऊन, उतरवून आणायला सांगितलं होतं. मी संमतीपत्र मराठीत करून आईला पाठवलं. त्यात नियमाप्रमाणे एक ओळ होती, आपण या अभ्यासातून कधीही माघार घेऊ शकता. आई म्हणाली, "आईला माघार घेता येते होय? हे आधी सांगायचं की गं."

तर त्या फोनच्या शेवटाचा तुकडा असा आहे:

आई: बरं. (०.८) चल मग.
मी: हं, चल.
आई: जेवून घे वेळेवर.
मी: हो गं.
आई: ठेवू?
मी: ठेव.
(१.२)
आई: अगं ऐक, ते बाबांचं नं, शुगर जरा वाढली होती. आता ठीक आहे.

सॅक्स आणि शेग्लॉफचा १९७३ चा एक लेख आहे फोन संपतो कसा यावर. त्यांचं म्हणणं असं की बोलणं आपोआप संपत नाही, दोघांनी मिळून ते संपवावं लागतं. एकजण नवीन काही न काढता आपली पाळी नुसती सोडून देतो, मग दुसऱ्याला संधी असते, काही राहिलं असेल तर काढ बाबा. त्यानेही सोडली की मगच राम राम. आता वरचा तुकडा बघा. आईने पाळी सोडली, मी सोडली, तिने विचारलं पण ठेवू का, मी ठेव म्हटलं, सगळं रीतसर झालं, आणि मग सव्वा सेकंद थांबून ती बोलली. चाळीस मिनिटं भिशी, पाऊस, मावसबहिणीची साडी, यात शुगर कुठेच नव्हती. मी पुढे वर्षभर लक्ष ठेवलं, वर्गातल्या मराठी, तेलुगू, नेपाळी पोरांना पण विचारलं, घरचा खरा निरोप ठेवू म्हटल्यानंतरच येतो. कारण पण असेल, आधी सांगितलं तर त्यावर बोलणं वाढतं, पोरगी काळजी करणार, प्रश्न विचारणार, आणि शेवटी सांगितलं की "आता ठीक आहे" म्हणून लगेच फोन ठेवता येतो. माझा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट मी यावरच केला. तेव्हापासून मी ठेव म्हणते आणि फोन कानालाच धरून ठेवते.

चौथ्या वर्षी आणखी एक गोष्ट हाती लागली. आकडेवारीवाल्या सरांचा एक कोर्स होता, नवीन गोष्ट लोकांत कशी पसरते. तिथला सगळ्यात मोठा माणूस एव्हरेट रॉजर्स, आयोवातल्याच कॅरल गावचा, शेतकऱ्याचा पोरगा. त्याच्या वडिलांनी शेजाऱ्यांचं बघून सुद्धा संकरित मका लावला नाही, १९३६ च्या दुष्काळात यांचा मका करपला आणि शेजाऱ्यांचा उभा राहिला, ही गोष्ट तो सांगायचा. त्याच्या आधी रायन आणि ग्रॉस या दोघांनी आयोवातल्याच २५९ शेतकऱ्यांना विचारून १९४३ मध्ये लिहिलं होतं की बियाणं आहे हे कळतं विक्रेत्याकडून, पण लावायचं ठरतं शेजाऱ्याच्या शब्दावर. हे वाचायला आयोवात यायची गरज नव्हती, आमच्या बांधावर कोणीही सांगेल. पण त्याच पुस्तकांच्या मागच्या पानांतून माग काढत मी एका जुन्या युनेस्को अहवालापाशी पोचले, लायब्ररीने तो दुसऱ्या युनिव्हर्सिटीतून मागवून दिला, उघडला तर आत जिल्ह्यांची नावं: पूना, अहमदनगर, नाशिक, नॉर्थ सातारा, कोल्हापूर.

१९५६ सालचा प्रयोग. आकाशवाणीच्या पुणे केंद्राने दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, अर्धा तास शेतीचा कार्यक्रम लावला. पाच जिल्ह्यांतल्या १५० गावांत गट केले, पंधरा-वीस जणांनी एकत्र बसून ऐकायचं, मग आपसात चर्चा करायची, एकाने लिहून पुण्याला पाठवायचं आणि त्यांच्या शंकांना पुढच्या कार्यक्रमात उत्तरं मिळायची. मूळ कल्पना कॅनडाची, तिथे १९४१ पासून असे रेडिओ गट चालायचे. इथला अभ्यास केला टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसने, आणि तो चालवणारा होता पॉल न्यूराथ, व्हिएन्नाचा माणूस, नाझींच्या डाखाउ आणि बुकेनवाल्ड छावण्यांतून सुटून अमेरिकेला गेलेला, तिथे समाजशास्त्र शिकून पुढे आपल्या खेड्यांत येऊन कोण बोललं, काय बोललं ते लिहून घेत होता. त्यांनी तुलनेला बिनगटाची गावं पण घेतली होती, काहींत नुसता रेडिओ, काहींत तोही नाही. गटांच्या गावांत लोकांची माहिती चांगलीच वाढली, नुसता रेडिओ होता तिथे फार काही झालं नाही. पुढे १९५९ मध्ये हे देशभर नेलं आणि मग हळूहळू त्यातला जीव गेला.

सुट्टीत घरी गेल्यावर मी आजोबांना विचारलं. ते तेव्हा पंधरा-सोळा वर्षांचे. म्हणाले, गट बिट काही नव्हता आपल्यात, रेडिओ होता चावडीत, त्याची किल्ली मास्तरांकडे, आणि बॅटरी उतरली की कोरेगावला न्यायची, ती आठ-आठ दिवस यायची नाही. म्हणजे आमचं गाव जिथे फार काही झालं नाही त्या जातीतलं. शेजारच्या गावात बसायचे म्हणे लोक. बोलायचं कोण? "मास्तर आणि पाटील. बाकीचे माना हलवायचे." आणि बायका? आजी आतून म्हणाली, "बायका ऐकत होत्या की. भिंतीच्या अलीकडून." अहवालात चर्चा चांगली रंगली असं लिहिलंय, आणि मी न्यूराथवर अविश्वास दाखवत नाही, त्याने खूप मेहनत घेतली होती. पण चार वर्षं गोलात बसून पाळ्या मोजल्यावर आजीचं ते वाक्य मी सरळ वहीत लिहून घेतलं, तारखेसकट.

नोकरीचं विचाराल तर मी आता मिनियापोलिसला एका हॉस्पिटलमध्ये आहे, पेशंटना घरी जाताना काय सांगायचं आणि कसं, ते लिहिणं आणि नर्सना शिकवणं हे काम. "काही शंका?" असं विचारलं की सगळे नाही म्हणतात. म्हणून "घरी गेल्यावर ही गोळी कशी घेणार ते मला सांगा बघू" असं विचारायचं, मग कळतं काय समजलं नाही ते. पगार इंजिनियर भावापेक्षा बराच कमी आहे, ते बाबा अजून सांगतात. कोडिंगवाल्यांच्या मागे कंपन्या लागतात तसं या डिग्रीच्या मागे कोणी लागत नाही, हे कॉलेजच्या ब्रोशरमध्ये नसतं.

आता मावसबहीण बारावीला आहे, पुण्यात. तिचं मास मीडियाला जाऊ का बाहेर अर्ज करू असं चाललंय आणि रोज व्हॉट्सॲपवर प्रश्न येतात. कॅमेरा, न्यूज, एडिटिंग हवं असेल तर मुंबई-पुण्यातच कर, इथले छोट्या कॉलेजांचे स्टुडिओ काही तसले भारी नसतात. बाहेर यायचंच असेल तर छापील फी बघून घाबरू नको, किती मदत देतात ते बघ, आणि मदत कमी असेल तर येऊ नको, कर्ज काढून हा विषय शिकायचा नाही. पहिल्या वर्षी स्टॅटिस्टिक्स उरकून टाक. पीआरचा, म्हणजे जनसंपर्काचा, कोर्स पुस्तक वाचूनही होतो. कॉन्व्हर्सेशन ॲनालिसिस कुठे शिकवत असतील तर सोडू नको. आणि निघायच्या आधी घरातलं काहीतरी रेकॉर्ड करून ठेव, जेवताना सगळे बोलतात ते, पंगतीतलं, भांडण झालं तर तेही, नंतर तिकडे बसून डेटा कुठून आणणार. परवानगी मागून मात्र, आणि लेखी.